रंगाखालचा पत्रा

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवरजवळ संध्याकाळी एखादी जुनी मोटार येऊन उभी राहिली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती कोंडाळं जमतं. कुणी मडगार्डवरून हात फिरवतो, कुणी काचेला नाक लावून स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर बघतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "एकदम ओरिजिनल आहे हो!" बहुतेक वेळा ती ओरिजिनल नसते. नव्याने रंगवलेली असते, चांगली रंगवलेली असते, कधी फार मेहनतीने उभी केलेली असते. पण चकाकी वेगळी आणि मूळपणा वेगळा. या दोहोंची गल्लत करून माझ्या ओळखीतल्या काही जणांनी वर्षानुवर्षांची शिल्लक चुकीच्या गाडीत घातली आहे.

त्यांत मीही आहे. सोळा वर्षांपूर्वी मी मुंबईहून एक डुक्कर फियाट आणली. १९५६ चं मॉडेल, पुढची दारं उलटी उघडणारी, गर्द हिरवा रंग, आत नवं लालसर रेक्झिन. ट्रकवरून ती पुलाकडून फ्रीगंजात उतरली तेव्हा गल्लीतली मुलं मागे धावली होती. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आला. बोटाने दाबला तर आतून पाणी. मिस्त्रीने ग्राइंडर लावला आणि अर्धा इंच जाडीची लांबी, म्हणजे पुटी, ढलप्यांनी निघाली. तिच्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसली तारेची जाळी होती, आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. पत्रा नव्हताच. एका बोळ्यावरची तारीख वाचता येत होती: मी गाडी घेतली त्याच्या बरोबर दोन महिने आधीची. ती पट्टी नुसती शोभेची नव्हती, गाडीच्या सांगाड्याचा भार तिच्यावर होता. त्या दिवसापासून मी जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक, टॉर्च आणि शिसपेन्सिल घेऊन जातो. या तीन वस्तूंनी काय काय कळतं, ते या लेखात सांगायचं आहे.

आधी मनात दोन प्रश्न वेगळे करा. गाडीची अवस्था कशी आहे, हा एक. तिच्यात कारखान्यातून आलेलं किती शिल्लक आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'उत्तम' आणि दुसऱ्याचं 'फार थोडं' असू शकतं. उलटही असतं: बंगल्यामागच्या गॅरेजात चाळीस वर्षं उभी असलेली, टायर बसलेली, उंदरांनी गादी कुरतडलेली गाडी बोल्टागणिक मूळची असते. विकणारा माणूस पहिल्या प्रश्नाचं उत्तर दाखवून दुसऱ्याचे पैसे मागतो. आपण दोन्हींचा हिशोब वेगळा मांडायचा.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ, ज्याला फिव्हा म्हणतात, तोही हा भेद पाळतो. जपलेली, दुरुस्त केलेली, रिस्टोअर केलेली आणि निरनिराळ्या गाड्यांचे भाग जुळवून उभी केलेली, अशा गाड्या तो वेगवेगळ्या धरतो. या महासंघाची ट्यूरिनची सनद म्हणून एक दस्तऐवज आहे. तिच्यातली एक सूचना मला फार मोलाची वाटते: रिस्टोअर करताना जो भाग नवा बसवला, त्यावर कायमची, सहज ओळखू येणारी खूण करा. ती सूचना आपल्या गॅरेजांत पाळली जात असती, तर या लेखातला अर्धा मजकूर मला लिहावाच लागला नसता.

गाडी बघायला गेलात की आधी गाडीकडे जाऊ नका, ओसरीवर बसून कागद मागा. नोंदणीचं पुस्तक, जुन्या करपावत्या, जुना विमा, गॅरेजची बिलं, असेल तर मूळ विक्रीची पावती. गाडीच्या आयुष्यात नंबर किती वेळा बदलला, ते विचारा. संस्थानी काळात ग्वाल्हेर, इंदूर, देवास या संस्थानांच्या आपापल्या पाट्या असत. मग मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश. १९८९ पासून आजची पद्धत आली आणि उज्जैनला एमपी १३ मिळालं. १९३८ च्या गाडीवर आज एमपी १३ असेल, तर मधल्या पन्नास वर्षांत ती कुठे आणि कोणाच्या नावावर होती, याची साखळी कागदावर दिसायला हवी. साखळीत एखादा दुवा नसणं हा गुन्हा नाही, आपल्याकडे पुरात आणि वाटण्यांत कागद जातातच. पण विकणारा त्या दुव्याबद्दल दर वेळी वेगळी हकीकत सांगू लागला, तर चहा संपवून उठावं. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, आणि विक्रीचे फॉर्म २९ व ३० हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण त्याने किमतीत फरक पडतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी या नियमात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये पडतात. नोंदणीची मुदत दहा वर्षं, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीचा नंबर चालू असेल तर तोच ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच तिला मुभा आहे. लग्नाच्या वरातींसाठी भाड्याने देऊ, या हिशोबाने कुणी गाडी घेत असेल, तर त्याने हे आधीच जाणून घ्यावं. आणि सरकारी व्याख्येतही 'मूळ स्वरूप' हेच शब्द आहेत, हेही ध्यानात ठेवावं.

आता पेन्सिल काढा. आरटीओत चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, तसाच छाप तुम्हीही घ्या. डोळ्याला जे दिसत नाही ते छापात उतरतं. कारखान्यात ठोकलेले आकडे एका साच्याचे असतात. थोडे वाकडे असले तरी खोली सारखी असते. नंतर ठोकलेल्या आकड्यांत एखादा ३ किंवा ७ वेगळ्या घडणीचा निघतो. आकड्यांभोवतीचं लोखंड घासलेलं असेल, तर छापात बारीक समांतर रेघा उमटतात. नंबर वेगळ्या पट्टीवर असेल तर पट्टीचे रिव्हेट बघा. साठ वर्षांपूर्वीच्या पट्टीला मध्ये भोक असलेला ॲल्युमिनियमचा पॉप रिव्हेट लागला असेल, तर ती पट्टी एकदा तरी निघालेली आहे. का निघाली, ते विचारा. चेसिस रंगवताना काढली असेल, तर मालक सहज सांगेल.

नंबर आणि घडण या बाबतींत सगळ्यांत जास्त घोळ जीपमध्ये होतो, आणि माळव्यात जीपची हौसही दांडगी. दुसऱ्या महायुद्धातली जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली, विलीज आणि फोर्ड. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पण बंपरमागे वाकून चेसिसची पुढची आडवी दांडी बघा: विलीजची नळीसारखी गोल, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. विलीजचा क्रमांक डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूला पट्टीवर असतो, फोर्डचा त्याच दांड्याच्या माथ्यावर ठोकलेला. आणि फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर 'एफ' हे अक्षर उठवलं होतं. मी एकदा एका जीपखाली टॉर्च घेऊन दीड तास झोपून 'एफ' मोजत होतो. सव्वीस सापडले. विलीजच्या चेसिसवर, विलीज म्हणून विकायला काढलेल्या गाडीत! म्हणून ती खोटी ठरली असं नाही. लष्करी डेपोत या दोन्ही जीपांचे भाग सर्रास अदलाबदल होत, आणि तोही इतिहासच. पण 'नखशिखांत मूळ विलीज' ही जाहिरात मात्र खोटी ठरली, आणि किंमत त्याप्रमाणे खाली आली.

याहून मोठी फसवणूक होते ती महिंद्राच्या जीपला युद्धातली जीप म्हणून खपवण्यात. महिंद्राची सीजे-३बी तिच्या उंच बॉनेटवरून ओळखू येते. आतलं इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. ते कापून खाली बसवतात, हिरवा रंग मारतात, पांढरा तारा काढतात. तेव्हा जाळीच्या खाचा मोजा. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीत नऊ खाचा होत्या, नंतरच्या नागरी जीपमध्ये सात. जाळीही कुणी बदलू शकतो, पण जाळी, चेसिसची दांडी, नंबराची जागा आणि इंजिन या चारही गोष्टी एकाच वेळी बेमालूम बदलणं फार खर्चाचं काम आहे. एकाच खुणेवर कधी विसंबू नका. चार खुणा एकमेकींशी जुळतात का, ते बघा.

इंजिनाबाबतही हेच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन डुक्कर फियाटपासून थेट पद्मिनीपर्यंत मूळ घाटात तेच राहिलं. त्यामुळे १९५६ च्या गाडीत १९८५ चं पद्मिनीचं इंजिन बसवता येतं आणि गाडी धावतेही झकास. वरून कळत नाही. नंबर पुस्तकाशी ताडला तरच कळतं. ॲम्बॅसेडरमध्ये फरक ढळढळीत दिसतो. १९५७ च्या अगदी पहिल्या गाड्यांना १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, पुढे १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं, आणि १९९० च्या दशकात १८०० सीसीचं इसुझू. साठच्या सालातल्या गाडीत जमिनीवर पाच गिअरांचा दांडा दिसला, की समजा हृदय दुसऱ्याचं आहे. फोर्ड मॉडेल ए ची गंमत अशी, की इंजिनावरचा क्रमांकच चेसिसवर ठोकलेला असतो, पण तो बॉडीखाली झाकलेला. म्हणून बॉडी उतरवून काम केलं असेल, तर त्या क्रमांकाचा फोटो मालकाकडे असायलाच हवा. नसेल तर का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

मग पत्रा. आमच्याकडचे मिस्त्री त्याला चद्दर म्हणतात. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळा, म्हणजे रंगाला चरा पडत नाही, आणि गाडीच्या खालच्या अंगाने फिरवा: दाराखालची पट्टी, मडगार्डची कड, चाकामागची कमान, डिकीचा तळ, हेडलाइटभोवतीचा फुगवटा. लोहचुंबक जिथे अचानक सैल पडेल तिथे लांबी जाड आहे. थोडी लांबी सगळ्याच गाड्यांत असते, तिच्यावरून भांडण करू नका. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो, वर दुसरा हात असेल तर तीनशेच्या आसपास जातो, आणि हजाराच्या पुढे आकडा गेला की तो रंग नव्हे, गिलावा आहे. मात्र रोल्स-रॉइससारख्या गाड्यांच्या कित्येक बॉड्या ॲल्युमिनियमच्या आहेत. तिथे लोहचुंबक चिकटत नाही म्हणून घाबरू नका.

गाडी कुठून आली, यावर गंज कुठे शोधायचा ते ठरतं. मुंबई-कोकणातली गाडी खारट हवेने आतून पोखरते, वरून तिचं काही दिसत नाही. आपल्या माळव्यातली गाडी उन्हाळ्यात कोरडी राहते, पण पावसात काळी माती मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या कोनाड्यांत चिकटून बसते. ती महिनोन्‌महिने ओल धरते आणि बरोबर त्याच जागी पत्रा खाते. तेव्हा चाकांच्या कमानीत हात घालून वरच्या बाजूला चाचपा. तिथे जुन्या मातीचा थर लागला तर रिस्टोअर करणाऱ्याने तिथवर हात पोचवलाच नव्हता, असं समजा.

दार उघडून हलकेच वर उचला. बिजागरी हलली तर काम लहान आहे. बिजागरीसकट खांब हलला, तर आतलं लाकूड गेलं. तीसच्या दशकापर्यंतच्या बहुतेक बॉड्यांचा सांगाडा लाकडी असे. विलायतेत त्याला ॲशचं लाकूड वापरत, इथे दुरुस्तीत सागवान आलं. सागवान दिसलं म्हणून नाक मुरडू नका, वाळवी आणि कुजकं लाकूड मात्र टाळा. गादीखाली, दाराच्या अस्तरामागे टॉर्च मारून बघायची परवानगी मागा. नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.

आता काही बारीक खुणा, ज्या मला स्वतःला फार आवडतात. विसाच्या दशकाच्या शेवटापर्यंत गाड्यांच्या चकचकीत भागांवर निकेल असे. त्याची झळाळी किंचित पिवळसर, जुन्या चांदीच्या भांड्यासारखी. क्रोमचा निळसर आरसा त्यानंतरचा. १९२४ च्या गाडीचा रेडिएटर निळसर चमकत असेल, तर तो मुलामा नंतरचा आहे. अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो, तो तीसच्या दशकाच्या मध्यावर मोटारींत आला. त्याआधीच्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो दिसला तर नंतरचा हात लागला आहे. पाना लावून बघा. फियाटला मिलिमीटरचा पाना चालतो, तिची घडणच तशी. पण ॲम्बॅसेडरच्या किंवा जुन्या मॉरिसच्या बोल्टांना सगळीकडे १३ चा पाना चपखल बसू लागला, तर ते बोल्ट हल्लीच्या दुकानातले आहेत.

रंगाबद्दल एक चुकीची समजूत आहे. आपल्याकडे गाडीच्या कुठल्याही रंगकामाला 'ड्यूको' म्हणायची सवय पडली आहे. ड्यूको हा अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीचा विसाच्या दशकातला लॅकर रंग. त्याची चकाकी मऊ, घासून आणलेली. आजच्या रंगावर पारदर्शक कोटिंगचा काचेसारखा थर असतो. उन्हात गाडीपासून दहा पावलं मागे सरून बघा: जुनी गाडी ओल्या काचेसारखी चमकत असेल तर रंग आजचा आहे. ही खोड नव्हे, आजचा रंग टिकतो जास्त. मात्र बॉनेटच्या आत, डॅशबोर्डखाली, दाराच्या फटीत जुना रंग सापडला, तर तो कोणता होता ते टिपून ठेवा. गाडीचा खरा रंग तोच.

गादी-अस्तराबद्दल थोडक्यात: जुन्या गाडीत स्प्रिंगा आणि काथ्या किंवा घोड्याचे केस असत. नुसता फोम म्हणजे सगळं नवं. टायरच्या कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. दहा वर्षांपूर्वीचे टायर कितीही खोल खाचांचे असले, तरी ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून बघायची. तुम्ही पोचण्याआधीच मालकाने गाडी सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. थंड इंजिन खरं बोलतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडा गेल्या. काळा म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त ओततोय, तो खर्च लहान. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत जातंय. तेल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा फेस दिसला तरी तेच. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. मग गाडी रस्त्यावर काढा आणि फ्रीगंजच्या रेल्वेपुलावर न्या. चढावर मध्येच थांबवून पहिल्या गिअरात उचला. क्लच घसरत असेल, इंजिन दमत असेल, हँडब्रेक धरत नसेल, तर सगळं तिथेच कळतं. उतारावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा आणि गाडी कुठे ओढते ते बघा. परतल्यावर पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन आणि बुश. आणखी एक गोष्ट हल्लीच्या पेट्रोलची. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी नळ, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे सील त्याने सुजतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरून गंज चढतो. रिस्टोअर करताना हे रबर बदललं का, ते नेमकं विचारा.

आता ज्या मुद्द्यावर माझं आणि आमच्यातल्या काही मित्रांचं पटत नाही, त्याबद्दल. परदेशी पुस्तक उघडून गाडीची तपासणी करणारे लोक इथल्या गाडीवर अन्याय करतात, असं माझं ठाम मत आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. माळव्यातल्या एखाद्या वकिलाने किंवा जमीनदाराने घेतलेली शेव्हरोले कदाचित शिवडीलाच जुळलेली असेल. तिचं कापड, तिचे टायर, तिची काही जोडणी अमेरिकेतल्या गाडीसारखी नसणार, आणि तरीही ती पूर्ण मूळ असणार. पुढे परदेशी कंपन्या गेल्या, आयातीवर बंधनं आली, सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा इथल्या मिस्त्रींनी लेथवर बुश कातले, ॲम्बॅसेडरचे भाग ब्यूकला बसवले, आणि त्या गाड्या जिवंत ठेवल्या. १९६५ साली केलेली प्रामाणिक दुरुस्ती आणि परवा केलेली लपवाछपवी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीला मी गाडीचं आयुष्य म्हणतो. तिची माहिती घ्या, किंमत कमी करा, पण तिच्यामुळे गाडी टाकू नका.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांत तर 'मूळ बॉडी' हा प्रश्नच वेगळा होतो. त्या काळी उंची गाडीची कंपनी नुसती चेसिस आणि इंजिन द्यायची, बॉडी दुसरा कारागीर बांधायचा. आपल्या शेजारच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग घ्या. चेसिस अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली, रंग नारिंगी आणि काळा. आज ती गाडी अमेरिकेत आहे. तिचं महत्त्व ती ड्यूसेनबर्ग आहे एवढ्यावर नाही. तीच बॉडी त्याच चेसिसवर आहे, यावर आहे. अशा गाडीत दाराच्या उंबऱ्यावरची कारागिराची पट्टी बघावी, आणि अस्तरामागच्या लाकडावर, कुलपांवर ठोकलेला बॉडीचा क्रमांक शोधावा. 'महाराजांची गाडी' असं तोंडी सांगणारे माळव्यात पावलापावलावर भेटतील. पुरावा म्हणून जुना फोटो, राजवाड्याचा कागद किंवा नंबर मागा. पुरावा नसेल तर त्या गोष्टीचा एक रुपयाही देऊ नका. याउलट कोल्हापूरचं उदाहरण बघा. तिथल्या छत्रपती घराण्याची मेबाख आजही दसऱ्याला दसरा चौकात येते. गाडी घराण्यातून बाहेर गेलीच नाही, ती कोणाची हे कुणाला विचारावं लागत नाही. एका घरात राहिलेल्या गाडीची साक्ष घरच देतं.

म्हणून शेवटी मी मालकाकडे दोन गोष्टी मागतो: रिस्टोअर करतानाचे फोटो आणि काढलेले जुने भाग. फोटो रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे हवेत. रंग झाल्यावरच्या फोटोंचा काही उपयोग नाही. आणि जुने भाग एखाद्या पोत्यात असतातच, जर कामाला हात घालणारा माणूस सरळ असेल तर. देवास रोडवरच्या एका घरी मी ॲम्बॅसेडर बघायला गेलो होतो. मालकाने न विचारता गोणपाट उलटं केलं: गंजलेलं दाराचं हँडल, फुटलेला मागचा दिवा, मूळ हॉर्न, आणि प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, कुठून काढला आणि का. ती गाडी मूळ साठ टक्केसुद्धा नव्हती. तरी मी मित्राला ती बिनदिक्कत घे म्हणालो, कारण बाकीचं काय आहे हे लपवलेलं नव्हतं.

फ्रीगंजातल्या आणि माधवनगरच्या आतल्या गल्ल्यांतल्या कितीतरी बंगल्यांच्या गॅरेजांत आजोबांची एखादी फियाट, एखादी हिंदुस्थान, एखादी जीप अजून ताडपत्रीखाली उभी आहे. त्यांच्या वारसांना माझी कळकळीची विनंती आहे. गाडी मिस्त्रीकडे पाठवण्याआधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चेसिस आणि इंजिनाच्या नंबरांचे पेन्सिल-छाप घ्या, आजोबांनी कुठून आणि केव्हा घेतली ते घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा, आणि निघालेला एकही भाग, अगदी तुटका दिवासुद्धा, भंगारवाल्याला देऊ नका.